‘असूनही’ ह्या शब्दाविरुद्ध

कविसंमेलनाच्या व्यासपीठावरून कवीची जी ओळख करून दिली जाते ती बहुधा एकाच साच्यातून काढलेली असते. व्यवसायाने अभियंता असूनही. बँकेच्या आकडेमोडीत अडकलेले असूनही. पोलीस खात्यासारख्या रुक्ष क्षेत्रात असूनही ह्यांनी आपले मन ओले ठेवले आहे. टाळ्या पडतात. दिवाळी अंकातल्या मुलाखतीत हाच साचा प्रश्नाचे रूप घेतो : नोकरी सांभाळून हे सगळे जमते तरी कसे? मग कवी पहाटे चारला उठण्याची हकीकत सांगतो. विद्यापीठातल्या प्रबंधात हे काम पहिल्या प्रकरणाकडे असते. ‘जीवन आणि व्यक्तिमत्त्व’ अशा मथळ्याखाली कवीच्या नोकरीला अर्धे पान मिळते, आणि दुसऱ्या प्रकरणापासून पुढे त्या अर्ध्या पानाची आठवण कोणालाही येत नाही.

आम्ही हे लिहिणारे पाच जण आहोत. आमच्यापैकी दोघे महाविद्यालयांत मराठी शिकवतात, एकजण जाहिरातींचा मजकूर लिहितो, एक विमा कार्यालयात आहे आणि एकजण चित्रपटांच्या संकलनाच्या टेबलावर रात्री काढते. पाचही जण थोडेफार लिहितो. आमची तक्रार त्या ‘असूनही’विषयी आहे. तो शब्द कौतुकाचा वाटतो, म्हणून तो निसटून जातो. वास्तविक त्यात एक संपूर्ण काव्यशास्त्र दडलेले आहे : कविता म्हणजे फावल्या वेळातली वस्तू, काम म्हणजे तिचा शत्रू, आणि कवी म्हणजे ह्या दोहोंमध्ये तारेवरची कसरत करणारा माणूस. हे काव्यशास्त्र चूक आहे असे आमचे म्हणणे आहे. ते निरुपद्रवी नाही असेही म्हणणे आहे, पण त्याकडे पुढे येऊ.

ही समजूत मराठी मातीतली नाही हे आधी सांगितले पाहिजे. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, पंढरीच्या वाटेवरची ही सगळी नावे धंद्यासकट घेतली जातात. तुकोबा वाणी होते, आणि कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा परंपरेने जपली आहे ती उगाच नव्हे. हिशेब, मापे, भांडवल, दिवाळे ह्यांची भाषा ज्याच्या जिभेवर होती त्याचाच तो अभंग आहे. ‘वाणी असूनही तुकाराम कवी झाले’ असे म्हणण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही. मात्र ह्या परंपरेला गोंडस करण्याचीही आमची इच्छा नाही. ते धंदे निवडलेले नव्हते, जातीने गळ्यात बांधलेले होते, आणि चोखोबांच्या वाट्याला आलेले काम कोणत्याही अर्थाने सर्जनाचे साधन म्हणून मिरवण्याजोगे नव्हते. आमचा मुद्दा मर्यादित आहे. काम आणि कविता ही दोन वेगळी खाती आहेत हे गृहीतक त्या कवितेला ठाऊक नव्हते. ते आमच्याकडे आले स्वच्छंदतावादी इंग्रजी कवितेच्या वाचनाबरोबर, आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी ते पक्के केले.

जात्याचे उदाहरण घ्या. जात्यावरची ओवी बहुतांशी दोन ओळींची असते. खुंट्याला दोन हात लागतात, पाळी फिरते, मूठभर दाणे तोंडात पडतात, पुन्हा फिरते. ओळीची लांबी, मधला विसावा, दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी येणारे नात्याचे संबोधन किंवा भरीचे शब्द ह्या सगळ्यांचा हिशेब हाताच्या फेऱ्याशी आणि दमाशी आहे. गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एका लाखाहून अधिक! मराठीतल्या कोणत्या छापील काव्यप्रवाहाची एवढी मोजदाद झाली आहे? गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाईचे श्रम वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण तिच्या हाती मोकळा वेळ येऊन ओव्या वाढल्या असे मात्र कोठे झाले नाही. फावला वेळ हीच कवितेची जमीन असती तर व्हायला उलटे हवे होते. दळण गेले आणि ओवीचे निमित्तही गेले.

ह्याचा अर्थ दळण चांगले होते असा काढणारा वाचक आम्हांला नको आहे. पहाटेचे ते दोन तास बाईला गाण्यासाठी मिळाले, कारण दिवसातल्या दुसऱ्या कोणत्याही तासात तिचा आवाज ऐकून घ्यायला घरात कोणी नव्हते. आणि बहिणाबाईंच्या बाबतीत आमच्या समीक्षेने काय केले? १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली, मराठी वाचक दिपून गेला, आणि लगेच वाक्य तयार झाले : निरक्षर असूनही. पेरणीपासून उपणणीपर्यंतच्या कामांची इतकी नेमकी जाण असलेल्या कवयित्रीविषयी पहिले आश्चर्य कशाचे, तर तिला अक्षर येत नव्हते ह्याचे. तिला जे येत होते त्याचे आश्चर्य दुसऱ्या क्रमांकावर.

आता सुशिक्षित कवीकडे येऊ. मर्ढेकरांच्या नवकवितेची चर्चा होते तेव्हा एलियट येतो, यंत्रयुग येते, महायुद्धोत्तर वैफल्य येते. मर्ढेकर आयुष्याचा मोठा काळ आकाशवाणीत नोकरी करत होते ही गोष्ट चरित्राच्या कोपऱ्यात राहते. ‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’ आणि ‘बदकांचे गुपित’ ह्या त्यांच्या संगीतिका १९४४ ते १९४७ ह्या चार वर्षांतल्या. ‘काही कविता’ १९४७चीच. म्हणजे ज्या वर्षांत मराठी कवितेचा कान बदलत होता त्याच वर्षांत तो बदलणारा माणूस केवळ ध्वनीवर चालणाऱ्या माध्यमासाठी लिहीत होता. तेथे चेहरा नाही, रंगमंच नाही. एक आवाज संपतो आणि त्याच्या शेजारी दुसरा, पूर्णपणे वेगळ्या जातीचा आवाज येऊन बसतो. संतांची लय आणि कारखान्याचा खडखडाट एका कडव्यात शेजारी ठेवण्याची मर्ढेकरी रीत आणि ध्वनिक्षेपकासमोरचे हे काम ह्यांचा काही संबंध असेल काय? आमच्या मते असावा. तो सिद्ध झालेला नाही हे उघड आहे. पण सिद्ध करू पाहणारे प्रबंध कोठे आहेत? एलियटवर मात्र कपाट भरेल.

अरुण कोलटकरांच्या बाबतीत हा आंधळेपणा अधिक खटकतो, कारण तेथे पुरावा पानावरच छापलेला आहे. जे. जे. कलाशाळेत शिकलेले कोलटकर जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते, आणि साधेसुधे नव्हे, त्या व्यवसायाने वारंवार गौरवलेले. कवितेच्या गोटात ह्याचे दोन अर्थ लावले गेले. एक : बिचाऱ्याला पोटासाठी साबण-तेले विकावी लागली. दोन : जाहिरातीने कवी गिळला. दुसऱ्या अर्थाला आधार म्हणून त्यांचे मौन दाखवले जाई. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७मध्ये आली आणि पुढचा मराठी संग्रह २००३पर्यंत नाही. २००३ साली ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ एका पाठोपाठ आल्या, २००४मध्ये इंग्रजीत ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. गिळलेला कवी इतके लिहून ठेवत नसतो. छापणे आणि लिहिणे ही दोन कामे आहेत एवढे तरी साहित्याच्या अभ्यासकांना कळायला हवे होते.

पण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते पानाचे काम. १९७६च्या ‘जेजुरी’च्या अखेरीस, गाव आणि रेल्वे स्टेशन ह्यांच्या मधल्या शेतात, कोंबड्यांचे उड्या मारणे आहे. ते वर्णन करून सांगितलेले नाही. शब्दच पानावर वरखाली उडवलेले आहेत, टाइपाच्या रांगा मोडून. वर्गात शिकवताना ह्याला ‘दृश्यकविता’ असे लेबल लावून युरोपातील प्रयोगांशी जोडून दिले की तास भरतो. ज्याने वर्षानुवर्षे जाहिरातीच्या चौकटीत अक्षर कोठे ठेवायचे, कोठे मोकळी जागा सोडायची, वाचणाऱ्याचा डोळा कोठून कोठे जाईल ह्याचा रोज विचार केला त्याच्या हातून हे पान आले आहे, हे सांगायला मात्र एक वाक्यही पुरते आणि ते कोणी सांगत नाही. काळा घोड्याच्या कविता पाहा. वेसाइड इनच्या खिडकीशी बसलेला माणूस समोरच्या चौकातला तोच तुकडा पाहत राहतो : भटके कुत्रे, कचरा गाडीत तुडवणारी बाई, इडलीवाली आणि तिच्याभोवती जमणारी भुकेली माणसे. चौकट हलत नाही. चौकटीत काय येते आणि जाते ते तेवढे बदलते. कोलटकर ‘अलिप्त निरीक्षक’ आहेत असे म्हणून आम्ही मराठीचे मास्तर मोकळे होतो. ही अलिप्तता हा स्वभाव असेल, पण ती शिकलेली गोष्टही आहे. चौकटीत काय ठेवायचे नाही हे ठरवणे हा कलादिग्दर्शकाचा धंदा आहे. कोलटकरांच्या कवितेत जे गाळलेले आहे, म्हणजे उद्गार, निष्कर्ष, करुणेची जाहिरात, ते जाहिरातवाल्यालाच ओळखता येईल असे गाळलेले आहे. आमच्यातला जाहिरात लिहिणारा म्हणतो की विकाऊ भावनेचा वास ज्याला ऑफिसात रोज घ्यावा लागतो तो कवितेत तिला दारातही उभी करत नाही. ह्यात थोडी बढाई आहे, पण आम्ही ती राहू दिली.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे. ‘असूनही’ हा शब्द पांढरपेशा कवीसाठी राखून ठेवलेला आहे. नारायण सुर्व्यांच्या किंवा नामदेव ढसाळांच्या वाट्याला तो येत नाही. त्यांच्यासाठी दुसरा शब्द आहे : ‘असल्यामुळे’. सुर्वे गिरणीत राबले असल्यामुळे, ढसाळ टॅक्सी चालवत असल्यामुळे त्यांची कविता अस्सल, दाहक, जळजळीत वगैरे. एकाच्या बाबतीत काम हा अडथळा, दुसऱ्याच्या बाबतीत काम हे प्रमाणपत्र. दोन्ही ठिकाणी कविता वाचायची राहून जाते, कारण अडथळा ओलांडला म्हणून टाळी द्यायची की प्रमाणपत्र दाखवले म्हणून, एवढाच प्रश्न उरतो.

सुर्व्यांचीच एक अतिशय गाजलेली कविता घ्या : शाळेत मुलाचे नाव घालायला आलेल्या, बापाच्या नावाचा रकाना भरू न शकणाऱ्या वेश्येची. ती कामगारकवीची कविता म्हणून संग्रहांत आणि अभ्यासक्रमांत फिरते. पण त्या कवितेत गिरणी कोठे आहे? तेथे आहे शाळेचे दप्तर, त्यातला एक रकाना, तो रकाना भरणारा मास्तर आणि टेबलापलीकडून बोलणारी बाई. सुर्वे महानगरपालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते. एका साध्या रकान्यात केवढी सत्ता असते हे कळते ते ज्याने दप्तर हाताळले आहे त्यालाच. कविता संपूर्ण त्या बाईच्या तोंडी आहे, मास्तर गप्प आहे, आणि ही योजना कवीने केलेली आहे. ती अनुभवातून आपोआप टपकलेली नाही. आमच्या समीक्षेला ‘गिरणी’ हा शब्द सोयीचा पडला, म्हणून शाळा दिसली नाही. ढसाळांच्या १९७२च्या ‘गोलपीठा’विषयी तर शब्दार्थांच्या याद्या आणि धक्क्यांची वर्णने पुष्कळ मिळतील. त्या कवितेची वळणे, अचानक बदलणारा वेग, वस्तीच्या गल्लीबोळांचा नकाशा बोटांवर असल्याप्रमाणे होणारी ये-जा ह्यांबद्दल रचना म्हणून बोलणारा क्वचित भेटतो. अनुभव दाहक होता, इतके म्हटले की रचनेचे श्रेय देण्याची जबाबदारी संपते. कष्टकरी आणि दलित कवीला अनुभव मिळतो, कौशल्य मिळत नाही. ते दुसऱ्यांसाठी राखीव असते. ही वाङ्मयीन वर्णव्यवस्था आहे, आणि ती आदराच्या भाषेत चालते म्हणून अधिक टिकाऊ आहे.

चित्रपटाबाबत हेच जरा वेगळ्या रीतीने घडते. ग. दि. माडगूळकरांना ‘गीतकार’ म्हणून बाजूच्या खोलीत बसवण्याची जुनी रीत आहे. चालीवर लिहिणे, प्रसंगावर लिहिणे, मागणीनुसार लिहिणे हे कमअस्सल. पुणे आकाशवाणीसाठी १९५५-५६मध्ये दर आठवड्याला एक गीत ह्या हिशेबाने वर्षभरात ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते उभी राहिली. दर आठवड्याची ती मुदत, संगीतकाराची गरज, ऐकणाऱ्याचे भान हे सगळे त्या रचनेच्या सुबोधतेत उतरलेले आहे. ज्या समीक्षेला वृत्ताचे बंधन शास्त्र वाटते तिला चालीचे बंधन धंदा का वाटावे? ‘गीतरामायणा’तली सगळीच गीते सारख्या तोलाची आहेत असे आम्हांलाही वाटत नाही, पण मुदतीवर लिहिले हा त्यांचा दोष नव्हे.

दिलीप चित्रे ह्यांची गत निराळी. त्यांनी १९८२च्या ‘विजेता’ची पटकथा लिहिली, ‘गोदाम’ दिग्दर्शित केला आणि त्याला १९८४ साली नांत येथील महोत्सवात पारितोषिक मिळाले. चित्रे चित्रेही काढत. मराठी समीक्षेने ह्या सगळ्याला ‘अष्टपैलू’ असे नाव देऊन कवितेपासून दूर नेऊन ठेवले. पण गोविंद निहलानींच्या १९८३च्या ‘अर्धसत्य’मधला तो प्रसंग आठवा. साहित्य शिकवणारी प्राध्यापिका पोलीस उपनिरीक्षकाच्या हाती कविता देते. तो थट्टेच्या सुरात मोठ्याने वाचू लागतो आणि वाचता वाचता त्याचा आवाज जड होत जातो. कविता चित्र्यांची आहे आणि चित्रपटाचे नावही तिच्यातून आले आहे. काम आणि कविता ह्यांचा संबंध समजावायला ह्याहून चांगला तास आम्ही तरी कधी घेतलेला नाही. तो उपनिरीक्षक ‘पोलीस असूनही’ हळवा होत नाही. ती कविता त्याच्या खाकीबद्दलच काही सांगते आहे, म्हणून त्याचा सूर बदलतो.

येथे कोणी ग्रेस ह्यांचे नाव घेईल. ग्रेस अध्यापक होते आणि त्यांच्या कवितेत वर्गाची, खडूची, हजेरीपटाची चाहूलही नाही. मान्य. प्रत्येक कवीचे काम त्याच्या कवितेत सापडलेच पाहिजे असा फतवा आम्ही काढत नाही. तसे केले तर आम्हीही नवे प्रमाणपत्रच वाटू लागू. शोधावे, नसल्यास नाही म्हणावे, आणि का नाही हेही विचारावे. ग्रेस ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार रोचक आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हा वाद निरुपद्रवी का नाही, ते आता. आमच्या दोन अध्यापक मित्रांपैकी एकजण तासिका तत्त्वावर आहे. नेट झालेले आहे, पीएच.डी. झालेली आहे. एका महाविद्यालयात सकाळचे तास, दुसऱ्यात दुपारचे, मध्ये पन्नास किलोमीटरची एसटी. तास झाला तर पैसे. परीक्षा, सुट्ट्या, संप, मे महिना ह्यांचे नाहीत. झालेल्या तासांचे पैसेही महिनोन्‌महिने थकतात. त्याचा कवितासंग्रह आला तेव्हा त्याच महाविद्यालयात त्याचा सत्कार झाला आणि भाषणात सांगितले गेले की इतक्या प्रतिकूल परिस्थितीत असूनही सरांनी आपली सर्जनशीलता जिवंत ठेवली. ती परिस्थिती कोणी निर्माण केली, हे विचारण्याची सोयच त्या वाक्याने ठेवली नाही. शाल खांद्यावर होती आणि थकबाकी तशीच. ‘असूनही’ हा शब्द मालकाच्या सोयीचा आहे. तो थकव्याला पराक्रम बनवतो, आणि पराक्रमाचा मोबदला मागायचा नसतो.

कामातून कविता येते असे आम्ही म्हणतो तेव्हा कोणत्याही कामातून, कितीही तासांच्या कामातून येते असे म्हणत नाही. कोलटकरांना खिडकीशी बसायला मिळत होते. त्या एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला खिडकी नाही. काम हाताला काही शिकवते त्यासाठी ते काम शिकण्याइतके स्थिर असावे लागते, आणि शिकलेले वापरायला थोडा दिवस उरावा लागतो. ह्या मागण्या वाङ्मयीन आहेत की वेतनाच्या? आम्हांला त्या वेगळ्या करता येत नाहीत. बाईच्या बाबतीत तर हिशेब आणखी आतबट्ट्याचा. पुरुष कवीला ‘नोकरी सांभाळून’ विचारतात. कवयित्रीला ‘घर आणि नोकरी सांभाळून’. आमच्यातल्या संकलक मैत्रिणीला एका मुलाखतीत हाच प्रश्न आला. ती म्हणाली, घर मी सांभाळत नाही, आम्ही दोघे सांभाळतो, तुम्ही मला कापाकापीबद्दल विचारा : दोन दृश्ये कोठे तोडायची आणि दोन ओळी कोठे तोडायच्या ह्यांत मला अलीकडे फरक करता येत नाही. मुलाखत छापून आली तेव्हा त्यात घर होते, कापाकापी नव्हती.

तेव्हा मराठीच्या शिक्षकांना आणि प्रबंधांचे विषय ठरवणाऱ्यांना आमची एक व्यवहारातली सूचना आहे. पहिल्या प्रकरणातले ते अर्धे पान तेथून उचला आणि शैलीच्या प्रकरणात आणून ठेवा. मर्ढेकर शिकवताना एखादी संगीतिका वर्गात मोठ्याने वाचून पाहा. कोलटकर शिकवताना पुस्तकच हातात द्या, टंकलिखित टिपण नको, कारण कोंबड्या टिपणात उडत नाहीत. सुर्व्यांच्या त्या कवितेच्या तासाला शाळेचा प्रवेश-अर्ज घेऊन जा आणि विद्यार्थ्यांना त्यातले रकाने वाचायला सांगा. वर्गात बसलेल्यांपैकी कितीतरी जण रात्री पेट्रोलपंपावर, कुरिअरच्या गोदामात किंवा शेतावर काम करून सकाळी येतात. त्यांची हजेरी कमी भरते म्हणून आम्ही त्यांना परीक्षेला बसू न देण्याच्या नोटिसा लावतो. रकान्यांविषयी, गोदामांविषयी आणि हाताच्या लयीविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते आमच्या टिपणांत नाही. ते त्यांना वर्गात बोलू द्यायचे की नाही, एवढे ठरवणे तरी आमच्या हातात आहे. हजेरीचे रजिस्टर ह्या महिनाअखेर जमा करायचे आहे.